‘सॉरी’ म्हणून झालं, तरी अबोला का संपत नाही?

वसई पट्ट्यातल्या एका गावातून एका वाचक भगिनीने पत्र पाठवलं आहे. थोडक्यात असं:

“घरात आम्ही पाच जण. सासूबाई, आम्ही दोघं, 16 वर्षांचा मुलगा आणि 11 वर्षांची मुलगी. रात्री साडेआठची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आमच्याकडे कधी चुकत नाही. पण दोन आठवडे झाले, बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. पूर्वपरीक्षेचे मार्क बघून ह्यांनी मुलाचा मोबाइल हिसकावून आपटला, पाहुण्यांसमोर त्याला नालायक म्हणाले, हातही उगारला. मुलगा उलट म्हणाला, ‘तुम्ही तरी आयुष्यात काय केलंत?’ सासूबाईंनी त्याच रात्री दोघांना वेदीसमोर गुडघ्यांवर बसवून सॉरी म्हणायला लावलं. दोघांनीही म्हटलं. तेव्हापासून अबोला वाढलाच आहे. भिंतीपलीकडे माझे दीर राहतात. बावखलावरच्या (वाडीतल्या तळ्यावरच्या) पंपाच्या लाइटबिलावरून दोघा भावांचं चार वर्षं बोलणं नाही. मुलगा म्हणतो, ‘पप्पा काकांना माफ करत नाहीत, मग मला का सांगता?’ ह्याला काय उत्तर देऊ? मुलांना क्षमा शिकवायची तरी कशी? आणि अशा स्थितीत ह्यांनी कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेतलेलं चालतं का?”

ताई, सासूबाईंचा हेतू चांगला होता, चुकला तो क्रम. तुमच्या मुलीने पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी चांगल्या पापनिवेदनाच्या (कन्फेशनच्या) पाच गोष्टी पाठ केल्या असतील. तिलाच विचारा. आपल्या वागण्याची तपासणी, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, निवेदन आणि प्रायश्चित्त. त्या रात्री तुमच्या घरी ह्यातलं एकही झालं नाही. तपासणीला वेळ मिळाला नाही, पश्चात्ताप अजून पोचलाच नव्हता, आणि निवेदन म्हणावं तर काय केलं हे कुणी उच्चारलंच नाही. आजीच्या धाकाने एक शब्द तेवढा तोंडातून बाहेर पडला. तो मुलाला खोटा वाटला, कारण तो खोटाच होता. वर असं सॉरी म्हटलं की विषय मिटला असं गृहीत धरतात, आणि मग खरं दुखणं काढायला जागाच उरत नाही. आता तो बोलला तर ‘झालं ना ते, पुन्हा कशाला उकरतोस?’ हे ऐकावं लागेल, म्हणून तो गप्प आहे.

तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा, आणि ती तुमच्या पतींनी करावी. दोघांचं चुकलं आहे हे खरं. पण मोठा कोण आणि ताकद कुणाच्या हातात होती, हे बघायचं. बापाने माफी मागितली तर धाक जाईल, असं त्यांना वाटेल. मार्कांचा विषय आणि मोबाइल आपटण्याचा विषय वेगळे आहेत, एवढं त्यांच्या लक्षात आणून द्या. रात्री 10 नंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हा नियम माफी मागूनही तसाच राहू शकतो. माफी नियमाची मागायची नाही, आपटण्याची आणि त्या शब्दाची मागायची आहे.

वेळ आणि जागा नीट निवडा. जेवणाच्या ताटावर नको, परीक्षेच्या सकाळी नको, रोझरीच्या आधी-नंतर तर नकोच, कारण तिथे आजी असणार. मत्तयच्या शुभवर्तमानात (18:15) पहिली पायरी दोघांनी एकांतात बोलण्याची आहे. तिसरं माणूस असलं की प्रत्येक जण त्याच्याकडे बघून बोलतो. वाडीत पाणी सोडायला जाताना किंवा स्कूटरवरून येताना, समोरासमोर डोळे भिडत नाहीत अशा जागी, 16 वर्षांचा मुलगा जास्त ऐकतो.

आता वाक्य. हे तुमच्या पतींना कागदावर लिहून दिलंत तरी चालेल: “मी तुझा मोबाइल हिसकावून आपटला आणि पाहुण्यांसमोर तुला नालायक म्हटलं. तुझ्यावर हात उगारला. त्याने तुला लाज वाटली असेल, माझी भीतीही वाटली असेल. हे माझं चुकलं. मोबाइल मी दुरुस्त करून देतो. तू मला माफ करशील का? आज उत्तर नको असेल तर नको.” एवढंच बोलायचं, मिनिटभरात होतं. त्यात केलेली गोष्ट आहे, तिचा समोरच्यावर झालेला परिणाम आहे, भरपाई आहे आणि एक प्रश्न आहे. ‘पण’ कुठेच नाही. “माझं चुकलं, पण तूही अभ्यास करत नाहीस” ह्यातल्या ‘पण’नंतरचं तेवढं मुलाच्या कानात राहतं. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” हेही टाळा. त्यात चूक वाईट वाटून घेणाऱ्याची होते, वागणाऱ्याची राहत नाही. आणि माफी मागून लगेच दुसरा विषय काढायचा नाही. “बरं, आता गणिताचं काय करायचं?” असं त्याच दमात विचारलं, की माफी ही गणितासाठीची प्रस्तावना ठरते.

मुलाने काय म्हणावं? ‘जाऊ दे’ हे आपल्या घरांतलं सगळ्यात लोकप्रिय उत्तर आहे आणि सगळ्यात कुचकामीही. ‘जाऊ दे’ म्हणजे मला ह्यावर बोलायचं नाही. तो ‘माफ केलं’ म्हणाला तर उत्तम, ‘आज नाही’ म्हणाला तरी उत्तम, निदान खरं बोलला. त्याच्या मागे लागू नका. तुम्ही दोघांच्या मधे निरोप्याचं काम करत असाल (‘पप्पांना वाईट वाटतंय रे’) तर ते आजच थांबवा.

मुलाचं वाक्यही लागलेलं आहे. ‘तुम्ही तरी आयुष्यात काय केलंत’ हे कष्ट करणाऱ्या बापाला खोल जातं. पण ती माफी वेगळ्या दिवशी, त्याच्या त्याच्या वेळेला येऊ द्या. मी मागितली आता तू माग, असा सौदा झाला की दोन्ही माफ्यांची किंमत जाते. चार-पाच दिवसांत तो आपणहून आला नाही, तर तुम्ही एकदाच, एकट्यात विचारा: “त्या दिवशी तू पप्पांना जे म्हणालास त्याचं तुला काय वाटतं?” उत्तर ऐकून घ्या आणि उठा.

भरपाईबद्दल थोडं सविस्तर, कारण घराघरांत इथेच कच्चं राहतं. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ (परिच्छेद 1459) सांगतो की पापक्षमेने पाप जातं, पण पापाने केलेली सगळी मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करावं लागतं, एखाद्याचं नाव खराब केलं असेल तर ते सावरावं लागतं, इजा केली असेल तर भरपाई द्यावी लागते. घरात ह्याचा सोपा नियम असा, की मोडतोड ज्या जागी झाली, भरपाई त्याच जागी करायची. मोबाइलची काच फुटली असेल तर पैसे पप्पांच्या खिशातून जावेत, घरखर्चातून नव्हे. अपमान पाहुण्यांसमोर झाला, तर तो एकांतात नुसता परत घेऊन पुरत नाही. तुमच्या पतींनी त्या पाहुण्यांना फोन करावा, मुलगा खोलीत असताना, आणि दोन वाक्यं बोलावीत: “त्या दिवशी मी पोराला नको ते बोललो. ते बरोबर नव्हतं.” हे फार अवघड आहे. मुलगा हे ऐकेल आणि काहीच बोलणार नाही. बोलायची गरजही नाही.

हात उगारला, हे तुम्ही एका अर्ध्या वाक्यात लिहिलंत. आम्ही ते अर्ध्यावर सोडणार नाही. एकदाच घडलं असेल तर वरच्या माफीत त्याचा स्पष्ट उल्लेख हवा, ‘रागाच्या भरात काहीतरी झालं’ असं गुंडाळून नको. पण हे वरचेवर होत असेल, दारू पिऊन होत असेल, किंवा पप्पांच्या गाडीचा आवाज आला की मुलं खोलीत पळत असतील, तर आधी सुरक्षितता आणि मग समेट. मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181 आणि तातडीला 112 हे क्रमांक आहेत. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं, असं चर्च शिकवत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या कुटुंबविषयक पत्रात (‘आमोरिस लेतित्सिया’, परिच्छेद 241) लिहिलं आहे की जोडीदाराला किंवा लेकरांना हिंसेपासून वाचवण्यासाठी वेगळं होणं काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरतं. कन्फेशनला जाऊन आले म्हणून असा माणूस बदलला, असं समजून चालू नये. समुपदेशन, व्यसनमुक्ती आणि बराच काळ टिकलेलं वेगळं वागणं, हे डोळ्यांना दिसायला हवं.

सासूबाईंचं त्याच रात्री सॉरी म्हणायला लावणं बहुधा ‘सूर्य मावळायच्या आत राग सोडावा’ ह्या इफिसकरांस पत्रातल्या (4:26) वचनावरून आलं असावं. वचन मोलाचं आहे, पण त्याचा अर्थ रात्री 11 वाजता दमलेल्या माणसांना समोरासमोर बसवून निकाल लावणं असा नाही. राग डोक्यात असताना माणूस ऐकत नाही. निदान 20-30 मिनिटं जाऊ द्यावीच लागतात, मोठ्या भांडणात एक रात्र. पोप फ्रान्सिस यांनी त्याच पत्रात (परिच्छेद 104) हेच म्हटलं आहे: घरात समेट न करता दिवस संपवू नका, पण त्यासाठी गुडघे टेकायचे का, तर नाही, एखादी छोटी कृती पुरते, शब्दांचीही गरज नसते. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवणं, दिवा मालवताना डोक्यावर हात ठेवणं, “उद्या संध्याकाळी बोलू, आता झोप” म्हणणं. ह्याने भांडण मिटत नाही. भांडण असलं तरी तू माझाच आहेस, एवढं कळतं, आणि त्या रात्रीपुरतं ते पुरतं. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. पोपचं नाव आलं की त्या निदान ऐकतील.

रोझरीचंही एक बोलायला हवं. पुष्कळ घरांत सामुदायिक प्रार्थनेच्या शेवटी मोठ्याने विनंत्या मांडतात आणि तिथे टोमण्यांना पंख फुटतात. “देवा, आमच्या मुलाला सुबुद्धी दे, त्याला आईबापाचे कष्ट दिसू दे.” नाव देवाचं, पत्ता मुलाचा! ज्याच्याशी बिनसलं आहे त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही, असा साधा नियम करा. त्याच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना करा. नाहीतर मुलं प्रार्थनेपासूनच लांब जातात, आणि मग दोष मोबाइलला जातो.

क्षमा शिकवायची कशी, असं तुम्ही विचारलंत. ती भांडणाच्या दिवशी शिकवता येत नाही, भांडण नसतानाच शिकवावी लागते. शनिवारी संध्याकाळी 15 मिनिटं काढा, रविवारच्या मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) आदल्या दिवशी. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. प्रत्येकाने तीन गोष्टी बोलायच्या: ह्या आठवड्यात कुणाचे आभार मानायचे आहेत, माझं स्वतःचं काय चुकलं, आणि मला घरातल्या कुणाकडून काय हवं आहे. माणशी दोन-तीन मिनिटं. मोठ्यांनी आधी बोलायचं, मुलांनी नंतर. दुसऱ्याची चूक सांगायला इथे बंदी आहे. ‘माझं चुकलं की मी हिच्यावर विश्वास ठेवला’ ही पळवाटही बंद. कुणाला बोलायचं नसेल तर तो ‘पास’ म्हणेल आणि त्याला कुणी टोकणार नाही. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हळू म्हणा आणि ‘जशी आम्ही क्षमा करतो’ ह्या ओळीवर पाच सेकंद थांबा. मग काहीतरी खायला द्या. हे गमतीने सांगत नाही, 11 वर्षांच्या मुलीला पुढच्या शनिवारची वाट बघायला कारण हवं.

हे मोडतं ते दोन कारणांनी. एक, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आईबाप कबुली द्यायचं सोडून न्यायाधीश होतात. दोन, शनिवारी कबूल केलेलं मंगळवारच्या भांडणात बाहेर काढलं जातं: “तूच म्हणालास ना, मी आळशी आहे?” एकदा असं झालं की मुलं पुन्हा खरं बोलत नाहीत. धर्मगुरूंना कन्फेशनमधलं बाहेर काढायची सक्त मनाई आहे, तोच नियम ह्या बैठकीला लावा. अर्थात ही बैठक म्हणजे संस्कार नव्हे. गंभीर पापासाठी प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे कन्फेशन, लागतोच. आणि मुलं कन्फेशन करून आली की “फादरांना काय सांगितलंस?” हा प्रश्न चेष्टेतही विचारू नका.

आता भिंतीपलीकडे जाऊ.

कम्युनियनबद्दल आधी. दीर बोलत नाहीत एवढ्यावरून तुमच्या पतींचं ख्रिस्तप्रसाद घेणं आपोआप बंद होत नाही. जुना घाव आठवून दुखणं हे पाप नाही. तोच धर्मशिक्षणाचा ग्रंथ म्हणतो (2843) की दुखावलं गेल्याचं न जाणवणं किंवा ते विसरणं आपल्या हातात नसतं. पण शेजाऱ्याचं मुद्दाम वाईट चिंतणं हे पाप आहे, आणि त्याचं मोठं नुकसान व्हावं असं जाणूनबुजून इच्छिणं हे गंभीर पाप आहे (2303). तिथवर मन गेलं असेल तर आधी कन्फेशन, मग ख्रिस्तप्रसाद. मन कुठवर गेलं आहे हे त्यांनी धर्मगुरूंशी बोलावं. त्याचा निवाडा तुम्ही करायचा नाही, मुलाने तर नाहीच.

एक बारकावा मात्र त्यांच्या कानावर घाला. मत्तय 5:23-24 मध्ये, वेदीपाशी दान आणताना आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशू सांगतो. काय आठवलं तर? ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ हे. आपल्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हे तिथे विचारलेलंच नाही. त्यामुळे ‘चूक त्याची आहे, त्याने यावं’ हे उत्तर त्या ओळीला लागू पडत नाही. बिलाच्या बाबतीत तुमचे पती शंभर टक्के बरोबर असले तरी जायचं त्यांनीच.

जाताना नातं आणि हिशोब वेगळे ठेवावेत. चार वर्षं ह्याच दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. पहिल्या भेटीत पंपाचं नाव काढायचं नाही. साध्या दिवशी, संध्याकाळी, एकट्याने जावं. सणाच्या दिवशी नको, तिकडे पाहुणे असतात. केक, फळं काही नको. रिकाम्या हाताने जावं, नाहीतर वस्तू घ्यायची की परत करायची हाच वाद होतो. “चार वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. त्यात माझाही हट्ट होता. हिशोब पुढे बसून करू, आज एवढंच सांगायला आलो.” दहा मिनिटांत परत यावं. व्हॉट्सअॅपवर हे पाठवू नये, मुलांच्या हाती निरोप देऊ नये आणि आईलाही मधे घालू नये. दोन्ही मुलं तिचीच, ती कुणाचीही बाजू घेतली तरी हरते. मिस्सात शांतीची खूण देतानाही दिरांना गाठू नये. तिथे सगळ्यांसमोर हात जोडावेच लागतात, म्हणून ते जोडतील आणि घरी जाऊन चिडतील.

दार उघडलं नाही तर? शक्य आहे. मग रस्त्यात भेटले की नुसती हाक मारायची, उत्तराची अपेक्षा न ठेवता. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा एकदा जावं. तरीही नाही, तर मत्तय 18 मधली पुढची पायरी: दोघांनाही चालेल असा एखादा माणूस बरोबर न्यायचा, ज्याचा त्या जागेत वाटा नाही. त्यानंतर धर्मग्रामाचे फादर. क्षमा एकट्याला करता येते, समेटाला मात्र दोघं लागतात. दीर आलेच नाहीत तरी तुमच्या पतींच्या बाजूची क्षमा अपुरी राहत नाही.

वेळ किती लागतो ह्याचा अंदाज असावा म्हणून एक उदाहरण. सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी मध्य प्रदेशात हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली ती 2002 मध्ये, सात वर्षांनी. 2017 मध्ये इंदूरला राणी मारिया यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. हा प्रसंग प्रवचनात नेहमी ऐकतो. मधली सात वर्षं मात्र प्रवचनात येत नाहीत. शिवाय राखी बांधली त्या दिवशी तुरुंगाचं दार उघडलं नव्हतं. क्षमा केली म्हणून हक्क, हिशोब किंवा कायदा सोडावा लागत नाही.

बोलणं सुरू झालं की मग पंप. मोटर दोन हॉर्सपॉवरची असेल तर ती तासाला साधारण दीड ते दोन युनिट खाते. कुणी किती तास चालवली हे लिहिलं नाही, तर जगातला कोणताही समेट पहिल्या बिलापर्यंतच टिकतो. दोन घरांना वेगवेगळे सबमीटर बसवणं उत्तम. तेवढा खर्च नको असेल तर पंपाशेजारी एक वही आणि पेन टांगा: तारीख, सुरू, बंद, कुणी. मागची चार वर्षांची बाकी वेगळी काढा. ती निम्मी-निम्मी करा, किंवा एकाने पूर्ण सोडा आणि सोडली असं दुसऱ्यासमोर स्पष्ट बोलून दाखवा. मनातल्या मनात सोडलेली रक्कम पुढच्या लग्नाच्या आमंत्रणात व्याजासकट परत येते. ठरेल ते चार-पाच ओळींत लिहून दोघांनी सही करा.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, ते पप्पांनी द्यावं. “काकांशी माझं अजून जमलेलं नाही. मी जाणार आहे, कधी ते ठरवतोय.” एवढं खरं त्याला पुरेल. पण सगळं एकाच आठवड्यात करायला जाऊ नका. आधी बाप-लेक, मग पाहुण्यांना फोन, मग दोन-तीन शनिवार, आणि भिंतीपलीकडे त्यानंतर. वही मात्र आजच आणायला हरकत नाही. पहिल्या पानावर तारीख आणि आजचं मीटर रीडिंग लिहून ठेवा.